मुळाबरहुकूम

१२ जानेवारी

प्रिय भोपळ्या,

अक्षर ओळखलं असशील तर पाकीट फेकून देऊ नकोस, आधी वाच. ही तुझी मावशी आहे, तुझी आई नव्हे, आणि तिने लिहायला सांगितलेलंही नाही. उलट तिला कळलं तर माझी खैर नाही. फोन करत नाही, कारण मागे केला होता तेव्हा ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून तू ठेवलास, आणि ती मीटिंग अजून संपलेली दिसत नाही.

काही मागायला लिहीत नाहीये. नुसतीच खुशाली. मी सध्या ताईकडे राहते आहे. माझ्या खोलीला ओल आली, म्हटलं थोडे दिवस जाऊ बहिणीकडे. ती बरी आहे. तिच्याबद्दल एवढंच.

माझी बातमी अशी की मी चित्रकला शिकते आहे. हसून घे. शाळेत मी काढलेला हत्ती बघून बाईंनी ‘ही किटली कुणाची?’ असं विचारलं होतं, ती मी. आता थेट माणसाचा चेहरा काढायला बसले आहे. नुसत्या पेन्सिलीने, समोर माणूस बसवून, हुबेहूब.

एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर, कँटीनच्या मागच्या खोलीत वर्ग भरतो. फिनेलचा वास येतो, पण खिडकी उत्तरेकडे आहे आणि आमच्या बाई म्हणतात, चेहऱ्यासाठी याहून चांगला उजेड नाही. बाईंचे केस आखूड कापलेले आणि बोलणं त्याहून आखूड. वर्गात सगळे माझ्यासारखेच, वेळ घालवायला आलेले. कुणी मधेच उठून वर जातं, कुणी परत येतंच नाही.

मला वाटलं होतं, आपल्याला काय अवघड! उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याला कुठली फ्रेम बसेल ते मी सांगत आले. पण बाईंनी माझा पहिला चेहरा बघितला आणि म्हणाल्या, “तुम्ही समोरच्याला काढलंच नाहीत. चेहरा कसा असतो याची तुमची जी समजूत आहे, ती काढलीत.” डोळे पार कपाळात गेले होते. नवशिक्यांचे जातातच म्हणे. खरं तर डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. माझा विश्वास बसेना. घरी येऊन ताईच्या डोक्याला फूटपट्टी लावली. बरोबर मध्यावर!

उत्तर लिहिलंस तर दुकानाच्या पत्त्यावर लिही. घरी नको.

तुझी
मावशी


७ फेब्रुवारी

प्रिय भोपळ्या,

पत्र मिळालं. तीन वाक्यं, त्यातलं एक ‘आईचा विषय नको’. बरं, नको. दुकानाच्या मालकांनी पाकीट हातात देताना विचारलं, “प्रेमपत्र का हो?” म्हटलं, या वयात जे येईल ते प्रेमपत्रच.

तर मग चित्रकलाच. पेन्सिल हात लांब करून धरायची, कोपर ताठ, एक डोळा मिटायचा, आणि अंगठ्याचं नख सरकवत माप घ्यायचं. भुवईपासून नाकपुडीपर्यंत एवढं. नाकपुडीपासून खाली एवढं. कोपर जरा वाकलं की माप बिघडतं आणि कागदावर भलताच माणूस येतो. माप झालं की डोळे किलकिले करून बघायचं. मग पापण्या, तीळ, सुरकुत्या सगळं विरघळतं आणि नुसते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे उरतात. “नावं घेऊ नका,” असं बाई सारखं सांगतात. “मनात ‘नाक’ म्हटलंत की हात पाठ केलेलं नाक काढतो. इथे गडद, तिथे फिकट, एवढंच म्हणा.”

खरं सांगू? असं बघायला लागलं की समोरच्याचा राग येत नाही आणि कीवही येत नाही. तेवढा वेळ नुसतं बघणं चालतं. आजकाल मला तेवढीच विश्रांती मिळते.

घरी सरावासाठी शेजारची बाई मिळाली आहे. तिला कुठे जायचं नसतं. खिडकीशी बसते, मफलर नाकापर्यंत ओढून, आणि मी वरचा अर्धा चेहरा काढते. तिचं कपाळ आता मला झोपेतही काढता येईल. अशा अर्ध्या चेहऱ्यांचे इतके कागद साठलेत की गादीखाली ठेवावे लागतात.

काल ते बाईंना दाखवले. त्यांनी एकेक उलटला. “आणि खाली?”

“तिला थंडी वाजते,” मी म्हटलं.

बाई माझ्याकडे किलकिल्या डोळ्यांनी बघत राहिल्या, चित्राकडे बघतात तशा. म्हणाल्या, “उन्हाळ्यात काय सांगाल?”

असो. जेवणखाण नीट करतोस ना? तुझं अक्षर बारीक झालंय. माणूस बारीक झाला की अक्षर होतं, असं आपले आप्पा म्हणायचे. अर्थात आप्पा काहीही म्हणायचे.

तुझी
मावशी


२ मार्च

भोपळ्या,

बरोबर आहे तुझं. आपल्या शेजारी गोदामच आहे आणि त्याला अजून तेच गंजकं कुलूप आहे. तू विसरला असशील असं मी धरून चालले. ‘शेजारची बाई कोण, आणि ती इमारत कसली’ असं तू सरळ विचारलंस, तर मीही सरळ सांगते. खाली बसून वाच.

ती बाई तुझी आई. इमारत हॉस्पिटलची.

मागच्या वर्षी तिच्या तोंडात, डाव्या बाजूला, खालच्या हिरडीशी फोड आला. दाढेमुळे असेल म्हणून तिने कितीतरी दिवस अंगावर काढलं. तपासल्यावर कॅन्सर निघाला. नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. जबड्याचं डावीकडचं हाड काढलं, कानाखालून हनुवटीपर्यंत. मग रोजचे किरण. ती आत असायची तेवढा वेळ मी खाली, कँटीनच्या मागच्या खोलीत. तो वर्ग रोग्यांच्या नातेवाइकांसाठीच आहे. माझ्या खोलीला ओलबिल काही आलेली नाही.

तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. “बापाच्या वेळी आला नाही, माझ्या वेळी दया करायला आलेला नको,” म्हणाली. तुला रजा मिळाली नव्हती हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. पण तुझे बाबा गेल्यावर आठवड्याने तू दारात उभा राहिलास तेव्हा भरल्या घरात ती बोलून गेली, ‘मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ आणि तू शब्दाला जागलास. दोघं एका मुशीतली. आता तर ती कुणालाच तोंड दाखवत नाही. दारावर दूधवाला आला तरी मफलर वर.

हॉस्पिटलातून आली त्याच दिवशी तिने भिंतीवरचा आरसा उतरवायला लावला. कपाटाच्या दारावरचा निघेना, त्याला मी खाकी कागद चिकटवला. स्वतःचा चेहरा तिने अजून बघितलेला नाही. धुते, पुसते, मलम लावते, सगळं चाचपून. बोलणं पुसट झालंय. मला कळतं, बाकी कुणाला नाही. म्हणून उशाशी पाटी असते. पोटात जातं ते नाकातल्या नळीतून.

मागच्या आठवड्यात मी नेहमीसारखं कपाळ काढत होते. तिने एकदम मफलर सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘सगळं काढ. आरसा नको. तू काढलेलं बघेन.’

मी काढलं. आणि शप्पथ सांगते, काही ठरवलं नव्हतं, पण पेन्सिल आपली आपण डावी बाजू उजवीसारखी करत गेली. गाल जरा भरला. सरकलेली हनुवटी मध्यावर आणली. नळी गाळली. ज्या ताईला मी जन्मल्यापासून बघत आले ती हळूहळू कागदावर आली, आणि मला असा आनंद झाला की काय सांगू! इतकं हुबेहूब मला कधी जमलं नव्हतं.

तिने कागद मांडीवर घेतला. एक बोट चित्रातल्या जबड्यावर ठेवलं, एक स्वतःच्या. दोन्ही बोटं कानाखालून निघाली. स्वतःचं एका ठिकाणी थांबलं. चित्रातलं पुढे जात राहिलं, पार हनुवटीपर्यंत. मग तिने तांबडी पेन्सिल मागितली. छापखान्यातून रिटायर झाली तरी तिची प्रुफं तपासायची पेन्सिल खणात असतेच. तिने त्या जबड्याभोवती गोल काढला, समासात काट मारली, आणि त्याच्या खाली आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘मुळाबरहुकूम करा.’

मला रडू फुटलं. तिला नाही.

“ही मेली,” तिने चित्रावर बोट ठेवलं. “हिला घेऊन मी काय करू?” आणि थोडं थांबून, “माझ्याकडे बघवत नव्हतं तर तसं सांगायचंस.”

हे तुला लिहितेय ते तिला ठाऊक नाही. ‘ये’ असं मी म्हणत नाही. ते तिनेच म्हणायला हवं किंवा तूच ठरवायला हवंस.

मावशी


२६ मार्च

भोपळ्या,

सोबत दोन पुठ्ठ्यांमध्ये एक कागद आहे. तो नंतर बघ, आधी हे वाच.

तुझा दुकानात फोन आला तो तिला सांगावाच लागला. म्हणजे मी शपथ मोडली तेही सांगावं लागलं. दोन दिवस ती माझ्याशी पाटीवरसुद्धा बोलली नाही. मग लिहिलं, ‘काय म्हणाला?’

“यायचं का, असं विचारतोय.”

तिने पाटीवर ‘का’ लिहिलं, त्याच्याखाली रेघ ओढली आणि पाटी पुसून टाकली. मला कळलं तिला काय म्हणायचंय. येतो म्हणाला नाहीस, यायचं का म्हणालास.

ते तांबड्या खुणेचं चित्र मी बाईंकडे नेलं होतं. त्यांना हसू आलं. “मी एवढे दिवस घसा कोरडा करून जे सांगतेय ते यांनी दोन शब्दांत लिहिलं की.” मग हसू गेलं. त्यांचे यजमान त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर होते, बरेच महिने. “त्यांचं मी एकही काढलं नाही,” म्हणाल्या. “जरा बरे दिसायला लागले की काढू म्हणत राहिले.”

मी विचारलं, “पण जिथे हाडच नाही तिथे काढायचं काय?”

“हाड नाही, पण सावली पडते ना तिथे? ती काढा.”

तर ती काढली. पुष्कळ दिवस लागले, कारण ताई फार वेळ बसू शकत नाही. बसते मात्र कशी! खिडकीच्या गजावर नजर धरून. मधेच एक हात वर करायची, मी थांबायचे, ती ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसायची आणि मान बरोबर पहिल्या जागी आणून ठेवायची, केसभर इकडेतिकडे नाही. मी नावं घेतली नाहीत. गालाखाली खड्डा आहे असं मनात म्हटलं नाही. इथे गडद, इथे त्याहून गडद, इथे कडेला उजेडाची बारीक रेघ. ओठापासून गळ्यापर्यंत आलेला टाक्यांचा व्रण. किरणांनी काळवंडलेली मानेची कातडी. नाकावरची चिकटपट्टी, नळी, आणि नळीची गालावर पडलेली सावली. बघता बघता मला तिच्या डाव्या बाजूची भीती वाटेनाशी झाली. इतके महिने मी तिला उजवीकडून नळीतून दूध घालत होते, उजवीकडून बोलत होते, हे मला तेव्हा कळलं.

झाल्यावर कागद तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. धीरच होईना. बाहेर आले तर तिचे खांदे गदगदत होते. मी धावले. जवळ जाऊन बघते तर बया हसत होती!

“आप्पा,” ती म्हणाली. “अगं, हे आप्पा!”

आणि खरंच. तुझे आजोबा शेवटी शेवटी कवळी काढून पेल्यात ठेवायचे आणि आरामखुर्चीत झोपायचे, तोंडाचं बोळकं करून. तेच. मी इतके दिवस मान मोडून काढत होते आणि मला दिसलं नव्हतं. आम्ही दोघी हसत सुटलो. तिला टाक्यांपाशी कळ आली तरी थांबेना. मग हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि पाटी ओढली.

‘त्याला पाठव.’

“एकच आहे गं. दुसरं मला जमेल की नाही सांगता येत नाही.”

‘म्हणूनच.’ पाटी पुसून पुन्हा लिहिलं, ‘त्याला तोंड दाखवू नको म्हणाले होते. माझं दाखव. मग यायचं का ते ठरवू दे.’

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तिने सही केली आहे, आणि वर ‘छापण्यास हरकत नाही’. शेवटचं प्रुफ पास करताना लिहायची ते.

आता बघ.

मावशी


२३ एप्रिल

तुझं पत्र आलं. मायना लिहायचा राहू दे, आज जमत नाहीये.

‘चित्र पुठ्ठ्यातून पूर्ण बाहेर काढलंच नाही. कपाळ दिसलं, डोळे दिसले, आणि पुन्हा आत सरकवलं. माझी आई मला आठवते तशीच राहू दे. तू हे पाठवायला नको होतंस.’ असं लिहिलंस. मी दुकानात, काउंटरमागे उभ्याने वाचलं. एक बाई समोर चष्मा लावून बघत होत्या, त्यांनी आरशात बघून विचारलं, “वाईट दिसतो का हो?” काय उत्तर दिलं आठवत नाही.

घरी येताना मनाशी सगळं जुळवलं. ताई वाटच बघत होती. हल्ली ती जिन्यावर पाऊल वाजलं की ओळखते. मी पत्र उघडून समोर धरलं आणि वाचायला लागले. ‘प्रिय मावशी, चित्र मिळालं. तू फार सुंदर काढलं आहेस. आई धीराची आहे. कामातून सवड झाली की लगेच...’

तिने हात वर केला. चित्राला बसल्यावर करायची तसाच.

“हे त्याचं नाही.”

“म्हणजे?”

“‘सुंदर’ तो लिहीत नाही. निबंधातसुद्धा लिहिलं नाही कधी. ‘छान’ लिहितो. आहे ते वाच.”

मग आहे ते वाचलं. सगळं. ती भिंतीकडे बघत ऐकत होती. मला वाटलं आता पाटी भिरकावेल. मी तिच्याकडून तुझी उणीदुणी ऐकायची तयारी करून बसले होते, खोटं कशाला बोलू, मलाही ती काढायचीच होती.

“बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “मला माझंच बघायला किती महिने लागले. त्याच्या हातात एकदम ठेवलं आपण.” आणि पाटीवर, म्हणजे मी विसरू नये म्हणून, लिहिलं, ‘घाई नको म्हणावं.’

हा तिचा निरोप. जसाच्या तसा पोचवला.

आता पुढचं माझं आहे, याला तिची मंजुरी नाही. गेल्या आठवड्यात तिला दम लागला म्हणून फोटो काढले. छातीत उतरलंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता किरण नकोत, इंजेक्शनं नकोत, घरी न्या, दुखू देऊ नका. तिला मी काही सांगितलेलं नाही, पण घरी येताना तिने रिक्षात माझा हात धरला आणि सोडला नाही. तिला सांगायची गरज आहे असं मला वाटत नाही.

तर, घाई कर. चित्र नाही बघवलं तर नको बघूस. पण तू ये.

मावशी


११ जून

प्रिय भोपळ्या,

नीट पोचलास, बरं झालं. घर आवरायची घाई करू नकोस म्हणालास, मी करतही नाहीये. तिची खाट तशीच आहे. कपाटावरचा खाकी कागद काढायला घेतला होता, अर्धा निघाला, अर्धा तसाच राहिलाय. वर्गाला जात नाही. बाई परवा येऊन गेल्या, कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा ठेवून गेल्या. पेन्सिल हातात घेववत नाही अजून. संध्याकाळी दुकानातून आले की जिन्यात थोडा वेळ बसते आणि मग कुलूप उघडते.

तू इतकं मोठं पत्र लिहिलंस आणि त्यात विचारलंस ते एकच. मी ते दोनदा वाचून ठेवून दिलं होतं. आज उत्तर देते.

तू आलास त्या दिवशी ती उशांना टेकून बसली होती. तुझी रिक्षा खाली थांबली तेव्हा मी विचारलं होतं, मफलर देऊ का. तिने मान हलवली, नको. तू दारातून आत आलास, बघितलंस, आणि बॅग ठेवायला म्हणून भिंतीकडे वळलास. एक बॅग ठेवायला तुला फार वेळ लागला. ‘मावशी, तिला ते कळलं का?’ असं विचारतोस.

कळलं. वर्षभरापूर्वीची मी असते तर ‘छे रे, तिचं लक्षच नव्हतं’ असं लिहून मोकळी झाले असते. अरे, ज्या बाईच्या नजरेतून कधी एक अनुस्वार सुटला नाही, तिच्या नजरेतून तू सुटणार? तिने बघितलं. तिचा चेहरा पडला तो मीही बघितला. तो हातभर पेन्सिल धरून मोजावा लागला नाही.

मग तू वळलास, खाटेवर बसलास, तिचा हात घेतलास. तिथून पुढचं तुला माहीत आहे. तू तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचास आणि ती छपाईच्या चुकांवर बोट ठेवायची. नळीतून दूध घालायला तू एका दिवसात शिकलास, मला आठवडा लागला होता. मागचं कुणी काही काढलं नाही. तूही माफी मागितली नाहीस, तिनेही नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासत कान लावून असायचे, आता काढतील, मग काढतील. नाही काढलं. राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याला आता इलाज नाही आणि मी तुला त्याबद्दल गोड काही सांगणार नाही.

पण तू पुढे लिहिलंस ते मात्र मला तसंच सोडवत नाही. ‘ती जागी असताना मी तिच्या डोळ्यांशिवाय कुठे बघू शकलो नाही. ती झोपली की मात्र दुपारभर बघत बसायचो. पहिल्या दिवशी मधेच उठून जिन्यात गेलो, मग उठलो नाही. तो व्रण कुठून कुठे जातो ते मला आता डोळे मिटून सांगता येईल. पण माझ्या आईकडे मी ती झोपल्यावर चोरासारखं बघितलं, हे मनातून जात नाही.’

ऐक. तू आलास त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी तू असाच बसला होतास, हनुवटी तळव्यावर टेकून, तिच्या अगदी जवळ. मी दारातून बघितलं आणि मागे फिरले. मग मी तुला औषधाच्या दुकानात पाठवलं. तू खाली गेल्यावर मी तिची उशी बदलायला आत गेले. झोपमोड होऊ नये म्हणून हळूच मान उचलली, तर तिने डोळे उघडले. झोपेतून उठलेले डोळे नव्हते ते. चांगले लख्ख.

“गेला?”

“औषध आणायला गेलाय. जागी होतीस?”

तिने मान हलवली. होते.

मला रागच आला. म्हटलं, “अगं मग बोलायचंस की त्याच्याशी! इतक्या लांबून आलाय, नुसता बसून असतो तुझ्याकडे बघत.”

तिने पाटी मागितली. अक्षर काही टपोरं राहिलं नव्हतं, लिहायला फार वेळ लागला.

‘मी डोळे उघडे ठेवले की त्याला बघता येत नाही.’

मी ते वाचत होते तोवर खाली जिन्यावर तुझी पावलं वाजली. तिने पाटी माझ्या हातात दिली आणि पूस अशी खूण केली. मग मान वळवून डावी बाजू खिडकीच्या उजेडात आणली, आणि तू दारात यायच्या आत डोळे मिटून घेतले.

तुझी
मावशी